लंडन आणि आसपासच्या मराठी घरांना खुलं पत्र: शिकाऊ बॅरिस्टरला खोली द्या

काका-काकू, दादा-वहिनी आणि मंडळांच्या कमिटीतले सगळे,

नमस्कार. मी मूळची सोलापूरची. पुण्यात एलएलबी केलं, इथे येऊन आधी कन्व्हर्जन कोर्स (इथल्या कायद्याचा पूरक कोर्स) केला, मग बार कोर्स (बॅरिस्टर व्हायचं शिक्षण), आणि सध्या लंडनमध्ये एका चेंबर्समध्ये (बॅरिस्टरांचं सामायिक ऑफिस) प्युपिल आहे, फॅमिली आणि क्रिमिनल काम. म्हणजे अजून पूर्ण बॅरिस्टर नाही, शिकाऊ. हे पत्र हॅरो, वेम्बली, हाउन्सलो, स्लाव, इल्फर्ड, क्रॉयडन अशा ठिकाणी ज्यांचं स्वतःचं घर आहे आणि ज्यांच्या घरात मुलं युनिव्हर्सिटीला गेल्यामुळे किंवा नोकरीला लागल्यामुळे एखादी खोली रिकामी पडलीय त्या सगळ्यांना आहे. ज्यांच्याकडे खोली नाही पण पक्की नोकरी आहे त्यांनाही आहे, त्यांच्याकडे काय मागायचंय ते पुढे सांगते.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपली पोरं-पोरी इथे बॅरिस्टर व्हायला येतात आणि अडकतात ती अभ्यासात कमी अडकतात, राहण्याच्या प्रश्नात जास्त अडकतात, आणि हा प्रश्न इन्स ऑफ कोर्ट (बॅरिस्टरांच्या जुन्या संस्था) किंवा सरकार सोडवेल तेव्हा सोडवेल, तुम्ही मात्र तो येत्या सप्टेंबरपर्यंत सोडवू शकता.

आधी हे शिक्षण कसं चालतं ते सांगते कारण माझ्या स्वतःच्या घरच्यांनाही ते नीट कळलेलं नाहीये. लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन ही चार इन्स. त्यातल्या एकीचं मेंबर व्हायचं, बार कोर्स करायचा, इनच्या १० क्वालिफाइंग सेशन्स भरायच्या (जेवणं, लेक्चर्स, वीकेंडची शिबिरं असं सगळं त्यात येतं), मग इन तुम्हाला बारला कॉल करते, म्हणजे बॅरिस्टर ही पदवी देते. गावाकडे पेढे वाटतात, फोटो पेपरात येतो, बॅरिस्टर झाली पोरगी. पण कॉल झाला म्हणून कोर्टात बॅरिस्टर म्हणून उभं राहता येत नाही, त्यासाठी १२ महिन्यांची प्युपिलेज लागते, पहिले सहा महिने सुपरवायझरच्या मागे फिरून बघायचं, दुसऱ्या सहा महिन्यांत स्वतःच्या केसेस. आणि ती प्युपिलेज सगळ्या देशात मिळून वर्षाला जेमतेम पाच-सहाशे जणांना मिळते, अर्ज करणारे हजारोंनी असतात. कोर्स संपल्यापासून पाच वर्षांच्या आत ती सुरू झाली पाहिजे हा नियम.

आता यातली खरी गोची वेळापत्रकात आहे. अर्ज जानेवारीत, ऑफर मे महिन्यात, आणि ऑफर मिळाली तरी बऱ्याच ठिकाणी सुरुवात त्याच्या पुढच्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. म्हणजे कोर्स करता करता अर्ज करून सगळं पहिल्या फटक्यात जमलेल्या मुलालासुद्धा कोर्स संपल्यावर मध्ये एक आख्खं वर्ष काढायचं असतं, आणि ज्याला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ऑफर मिळते (बहुतेकांचं असंच होतं) त्याला दोन-तीन वर्षं. या काळात तो स्टुडंट नसतो आणि बॅरिस्टरही नसतो. पॅरालीगलची (वकिलांच्या मदतनिसाची) नोकरी करतो, सॉलिसिटरच्या ऑफिसात फायली लावतो, कौंटी कोर्टात छोट्या हिअरिंगला जातो, आणि संध्याकाळी पुढचे अर्ज लिहीत बसतो. ग्रॅज्युएट व्हिसा (शिक्षण संपल्यावर इथे राहून काम करायचा) आतापर्यंत दोन वर्षांचा होता, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो दीड वर्षाचाच मिळणार. हिशोब करून बघा, उन्हाळ्यात कोर्स संपला आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरात प्युपिलेज सुरू झाली तर व्हिसा प्युपिलेजच्या मध्येच संपतो. बार कौन्सिल, म्हणजे बॅरिस्टरांची संघटना, प्युपिलेजसाठी व्हिसा स्पॉन्सर करते हे खरं आहे आणि त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत, पण ते होईपर्यंत माणूस कुठल्या पत्त्यावर राहणार?

पैशाचं बोलते. बार कोर्सची फी लंडनमध्ये बहुतेक ठिकाणी १५ हजार पौंडांच्या वरच. त्याच्यावर लंडनचा स्टुडंट व्हिसा काढायला महिन्याला १,४८३ पौंड याप्रमाणे नऊ महिन्यांचे १३,३४७ पौंड बँकेत दाखवायला लागायचे (हा २०२५ चा आकडा, नंतर तो अजून वाढलाय), आणि सरकारी आरोग्यसेवेसाठीचा हेल्थ सरचार्ज वर्षाला ७७६ पौंड वेगळा. आपल्या केंद्र सरकारच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये युकेला राहण्याखाण्यासाठी वर्षाला ९,९०० पौंड धरलेत. ते तेरा हजार आणि हे नऊ हजार नऊशे शेजारी शेजारी ठेवून बघा म्हणजे गॅप कळेल. शिवाय या परदेशी स्कॉलरशिपा जागतिक रँकिंग बघून दिल्या जातात, आणि इन्स ऑफ कोर्ट कॉलेज ऑफ अ‍ॅडव्होकसी किंवा बीपीपी किंवा युनिव्हर्सिटी ऑफ लॉ अशा ज्या बऱ्याच संस्था बार कोर्स शिकवतात त्या त्या रँकिंगमध्ये वर येतच नाहीत कारण त्या मुळात वकिली शिकवणाऱ्या संस्था आहेत. म्हणून एलएलएमला येणाऱ्याला निदान रस्ता आहे, बॅरिस्टर व्हायला येणाऱ्याला तोही फारसा नाही. चारही इन्स स्वतःच्या स्कॉलरशिप देतात, चांगल्या देतात, इंटरव्ह्यू घेऊन देतात, पण त्यातून फी सुटली की खोली सुटत नाही.

मग काम करायचं म्हटलं तर स्टुडंट व्हिसावर टर्ममध्ये आठवड्याला २० तास. आणि सेल्फ एम्प्लॉइड काम अजिबात चालत नाही, म्हणजे सायकलवरून जेवण पोचवायचं अ‍ॅपचं काम किंवा स्वतःच्या ट्यूशन घेणं हे सगळं बाद, आणि हे कितीतरी मुलांना आल्यावर कळतं. इथल्या मुलांना पार्टटाइम बार कोर्सचा मार्ग असतो, दिवसा नोकरी आणि वीकेंडला क्लास. आपण व्हिसावर पार्टटाइम कोर्स घेतला तर काम करायची परवानगीच मिळत नाही. त्यामुळे फुलटाइम कोर्स, त्याच्या डोक्यावर २० तासांची शिफ्ट, त्याच्या डोक्यावर प्रवास. मी शनिवार-रविवार एका कॅफेच्या किचनमध्ये उभी राहायचे आणि रात्री उलटतपासणीच्या सरावाची तयारी करायचे. कष्टाची तक्रार मुळीच नाहीये, कष्ट आपल्या सगळ्यांनीच केलेत, तुम्ही तर जास्तच. पण कष्ट करून परत यायला जागा धड नसेल तर त्या कष्टाचं काही होत नाही, हे मला सांगायचंय.

कोर्स संपला की अजून एक गोष्ट होते जी कुणी सांगत नाही. फुलटाइम स्टुडंटला काउन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) नसतो. प्युपिल झालात की तुम्ही स्टुडंट नाही, काउन्सिल टॅक्स सुरू, ट्रॅव्हलची स्टुडंट सवलत बंद. आणि मिळतात किती? बॅरिस्टरांवर देखरेख करणाऱ्या बार स्टँडर्ड्स बोर्डाने ठरवलेली कमीत कमी प्युपिलेजची रक्कम २०२५ साली लंडनमध्ये वर्षाला २४,२०३ पौंड आणि लंडनबाहेर २२,०१९. महिन्याला दोन हजार पौंड धरा. काही कमर्शियल चेंबर्स ७५ हजारांच्या वर देतात, ते पेपरात येतं आणि आपल्याकडे सगळ्यांना वाटतं बॅरिस्टर म्हणजे पैसाच पैसा. क्रिमिनल आणि फॅमिलीची कामं करणारी चेंबर्स, जिथे मार खाल्लेली बाई आणि खोट्या केसमध्ये अडकलेला पोरगा येतो, ती या खालच्या आकड्याच्या जवळपास असतात. आणि झोन दोन-तीनमध्ये शेअर्ड घरातली एक खोली ९०० ते १,००० पौंडांना. अर्धा पगार तिथेच गेला.

आता मूळ मुद्दा, खोली. मला माहितीये तुम्ही म्हणाल की आम्हीपण एका खोलीत चौघं राहिलो, ईस्ट हॅमला, गादी जमिनीवर टाकून. हो, राहिलात, आणि आयटीचा जॉब किंवा दुकानातली नोकरी तशी करता येते. हे काम तसं करता येत नाही आणि याचं कारण नाजूकपणा किंवा लाड हे नाहीये. दुसऱ्या सहा महिन्यांत संध्याकाळी पाच-सहाला चेंबर्समध्ये केसेस वाटणाऱ्या क्लर्कचा मेल येतो की उद्या सकाळी अमुक मॅजिस्ट्रेट्स कोर्ट, ही केस. अक्सब्रिज असेल, ब्रॉमली असेल, ल्यूटन असेल. कागद उघडायचे तर त्यात कुणाच्या तरी घरातली मारहाण असते, लहान मुलाचा जबाब असतो, मेडिकल रिपोर्ट, फोटो. क्लायंटची माहिती गुप्त ठेवायची हे बॅरिस्टरच्या मूळ कर्तव्यांपैकी एक आहे, त्यात तडजोड नाही. रूममेट पलीकडच्या बेडवर असताना ते कागद कसे उघडणार, सॉलिसिटरशी फोनवर कुठे बोलणार? मी रात्री उशिरापर्यंत इनच्या लायब्ररीत बसायचे, ती बंद झाली की प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून केसची तारीखवार टिपणं काढायचे, लॅपटॉपवर प्रायव्हसी स्क्रीन लावून, कारण घरी तेवढा कोपरासुद्धा नव्हता. सकाळी नऊच्या आधी कोर्टात पोचून क्लायंटला पहिल्यांदा भेटायचं, त्याला धीर द्यायचा, दहाला जजसमोर उभं राहायचं. झोप झालेली नसेल तर त्याची किंमत मी भरत नाही हो, तो क्लायंट भरतो. त्याचं मूल त्याच्याकडे राहणार की नाही हे त्या दिवशी ठरत असतं.

म्हणून मी खोली म्हणते तेव्हा मला दार लागणारी खोली, एक टेबल आणि वायफाय एवढंच म्हणायचंय. अटॅच्ड बाथरूम नको, जेवणाचा डबा नको.

भाड्याने मिळत नाही का? मिळतं, पण इथे पगाराची हिस्टरी नाही, क्रेडिट स्कोअर नाही, आईवडील सोलापुरात. एजंट म्हणतो युकेमधला गॅरंटर (भाडं थकलं तर भरायची हमी घेणारा) आणा, त्याचं वर्षाचं उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या साधारण ३६ पट हवं. नाहीतर सहा महिन्यांचं भाडं एकदम द्या, असंही म्हणायचे. माझ्याकडून एका घरमालकाने तसं घेतलं होतं, वडिलांनी त्यासाठी आजोबांच्या वाट्याची जमीन गहाण टाकली, आणि हे सांगताना मला अजून त्रास होतो. नवीन रेंटर्स राइट्स कायद्याने १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये एका महिन्यापेक्षा जास्त भाडं आगाऊ मागता येणार नाही असं ठरवलंय, कारण न देता घर खाली करायला लावणंही बंद. फार चांगला कायदा आहे. पण माझा अंदाज असा की त्यामुळे आता एजंट लोक गॅरंटरवरच जास्त अडून बसतील आणि ज्याचं इथे कुणी नाही त्याचं अजून अवघड होईल.

इथे तुमच्याकडे मागायचंय ते सांगते. ज्यांच्याकडे खोली आहे त्यांनी एका वर्षासाठी, बार कोर्स किंवा प्युपिलेज करणाऱ्या एका मुलाला किंवा मुलीला लॉजर म्हणून, म्हणजे आपल्याच घरात खोली भाड्याने देऊन, ठेवावं. फुकट नको. भाडं घ्या, रीतसर घ्या. सरकारची रेंट अ रूम स्कीम आहे, स्वतः राहता त्या घरातली फर्निचरसकट खोली दिली तर वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतच्या भाड्यावर टॅक्स नाही, म्हणजे महिन्याला ६२५ पौंड. तेवढंच भाडं ठेवलं तर तुम्हाला टॅक्सची कटकट नाही आणि त्या पोराचे महिन्याला तीनशे पौंड वाचतात. तीनशे पौंड म्हणजे त्याच्या वीकेंडच्या शिफ्ट गेल्या, तो वेळ अभ्यासाला. मॉर्गेज असेल तर बँकेला आणि इन्शुरन्सवाल्याला कळवा, फ्लॅट लीजहोल्ड असेल तर लीज वाचा, राइट टु रेंटची (व्हिसावर इथे भाड्याने राहायच्या हक्काची) तपासणी शेअर कोड, म्हणजे त्या मुलाने दिलेला सरकारी कोड, घेऊन ऑनलाइन होते. आणि एकट्या राहणाऱ्या मावश्या-काकांसाठी मुद्दाम सांगते, तुम्हाला काउन्सिल टॅक्समध्ये २५ टक्के सूट असते ना, फुलटाइम स्टुडंट ठेवला तर ती जात नाही कारण स्टुडंट त्यात मोजला जात नाही. प्युपिल ठेवला तर जाते, तेवढी रक्कम भाड्यात धरा, आम्ही नाही म्हणणार नाही.

एका काकूंनी मला तोंडावर सांगितलं होतं, कायदा शिकणारी मुलगी नको बाई, उद्या आमच्यावरच केस टाकशील. त्यांची भीती मला समजते. पण मालक त्याच घरात राहत असेल तर कायदा बराचसा तुमच्या बाजूने असतो, लॉजरला भाडेकरूसारखे हक्क नसतात, वाजवी नोटीस देऊन जायला सांगता येतं. एका कागदावर भाडं, नोटीस, किचन कधी वापरायचं, पाहुणे आले तर काय, हे लिहून दोघांनी सही करा. आम्ही कागद वाचूनच सही करणारी माणसं आहोत.

खोली नसेल तर गॅरंटर व्हा. यात धोका आहे आणि तो मी लपवणार नाही. घर चौघांच्या नावावर एकत्र असेल तर गॅरंटरवर चौघांच्या भाड्याची जबाबदारी येऊ शकते, म्हणून कागद नीट वाचा, फक्त या एका माणसाच्या वाट्यापुरती आणि अमुक महिन्यांपुरती अशी मर्यादा लिहून मागा, बरेच एजंट ऐकतात. (हा रीतसर सल्ला नाही, शंका असेल तर सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसला विचारा.) मंडळांनी मिळून एक छोटा गॅरंटी फंड केला तर एका कुटुंबावर भार येणार नाही, हे मला सगळ्यात बरं वाटतं.

आणि आता थोडं कडू. खोली देताना आडनाव विचारू नका. म्हणजे शेअर कोडसाठी नाव लागतंच, मी त्याबद्दल बोलत नाहीये, तुम्हाला कळतंय. फोनवर "म्हणजे तुम्ही नक्की कोण?" हा प्रश्न मला लंडनमध्ये मराठीत ऐकायला मिळालाय, आणि त्यानंतर खोली गेलेली असते. तसंच मुलगी आहे म्हणून मुलं सांभाळेल, पोळ्या लाटेल हे भाड्याबरोबर धरू नका. आवडीने करेल तिची गोष्ट वेगळी. रात्री दहाला दार बंद असा नियमही नको, ल्यूटनहून परत यायला ट्रेन चुकते, कोर्ट लांबतं.

प्रिमरोज हिलला १० किंग हेन्रीज रोडवर बाबासाहेबांचं घर आपण सगळ्यांनी बघितलंय, १९२१-२२ मध्ये ते तिथे राहिले, महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते विकत घेऊन स्मारक केलं. तिथे गेल्यावर माणसं फोटो काढतात, डोळे पुसतात, मीही पुसले. पण त्यांना बॅरिस्टर व्हायला किती ओढाताण झाली ते लक्षात घ्या. १९१६ ला ग्रेज इनमध्ये नाव घातलं, बडोद्याची स्कॉलरशिप संपली म्हणून १९१७ ला अर्धवट सोडून परत जावं लागलं, मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने उसने दिले, तेव्हा १९२० ला परत येता आलं. १९२२ मध्ये बारला कॉल झाले. पोटाला चिमटा घेऊन राहिले, अर्धपोटी ब्रिटिश म्युझियममध्ये वाचत बसले. त्यांच्या बुद्धीत काही कमी होतं म्हणून ती मधली वर्षं गेली का? पैसा आणि राहण्याची सोय नव्हती म्हणून गेली. आज शंभर वर्षांनंतर मराठवाड्यातून, विदर्भातून येणाऱ्या मुलाची तीच वर्षं तशीच जातायत, आणि आता या शहरात आपली हजारो घरं आहेत. तेव्हा नव्हती.

इन्सनाही एक वाक्य सांगायचंय, इंग्रजीत वेगळं लिहिलंय. त्यांच्या आवारात वरच्या मजल्यांवर राहते फ्लॅट आहेत आणि त्यातले शिकणाऱ्यांच्या वाट्याला मोजकेच येतात. ते वाढवा. पण त्या उत्तराची वाट बघत बसायला आमच्याकडे वेळ नाहीये.

डॉलिस हिलचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे, बाकी मंडळंही आता गावोगाव आहेत, गणपतीला हॉल भरतात, ढोलताशा पथकं आहेत, मराठी शाळा आहेत. एवढं उभं करता येतं म्हणूनच मागायचं धाडस होतंय. कमिटीच्या पुढच्या मीटिंगला हा विषय घ्या. खोली देऊ शकणाऱ्यांची एक यादी, गॅरंटर होऊ शकणाऱ्यांची दुसरी, एक माणूस ती सांभाळणारा. ऑगस्टपासून मुलं खोल्या शोधायला लागतात, म्हणजे यादी जुलैपर्यंत तयार हवी. सप्टेंबरात माझी प्युपिलेज संपते, त्यानंतर यादीत मुलांच्या बाजूचं काम, कोण कुठे शिकतंय, कागदपत्रं, करारनामा मराठीत समजावून सांगणं, हे सगळं मी करेन, आणि माझ्याबरोबर अजून दोघी तयार आहेत.

तुमची,
एक प्युपिल बॅरिस्टर, मूळ सोलापूर, सध्या लंडन